डॉ. एडगर कॉड: नोंदवह्यांना शिस्त लावणारे गणितज्ञ

शूर सेनापति, थोर समाजसुधारक आणि विख्यात शास्त्रज्ञ यांचीं चरित्रें शाळेच्या वार्षिकांतून आपण नेहमीं वाचतों. यंदां आम्ही वाचकांपुढें अशा एका गणितज्ञाचें चरित्र ठेवीत आहों कीं, संगणकशास्त्राच्या जगांत ज्यांचें नांव सर्वश्रुत आहे, परंतु आपल्या घरांतून तें क्वचितच ऐकूं येतें. तरीहि त्यांच्या विचाराचें फळ आज बहुतेक प्रत्येक पालकाच्या खिशांत आहे. त्यांचें नांव डॉ. एडगर फ्रँक कॉड.

हें चरित्र लिहिण्यास एक निमित्त झालें, तें आधीं सांगितलें पाहिजे. पूर्वीं आम्ही उपनगरांतील ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें पालकांना निरोप पाठविण्यासाठीं एक मोबाइल ॲप करून घेतलें होतें. दोघे भाऊ त्या शाळेंत शिकत असत. थोरला सकाळच्या सत्रांत, धाकटा दुपारच्या. त्यांच्या वडिलांचा फोन नंबर बदलला. थोरल्याचे वर्गशिक्षक आम्हीच. आम्हीं त्याच्या नोंदींत नवा नंबर घातला आणि काम झालें असें समजून स्वस्थ बसलों. धाकट्याच्या नोंदींत तोच नंबर निराळा लिहिलेला होता, तो जुनाच राहिला. पुढें जुलै महिन्यांत एके दिवशीं पावसानें कहर केला. दुपारचें सत्र रद्द झाल्याचा निरोप सर्वांना गेला, पण त्या घरीं पोंचला नाहीं. तो लहान मुलगा गुडघाभर पाण्यांतून एकटाच शाळेच्या बंद फाटकापाशीं आला. पहारेकऱ्यानें त्याला आंत घेतलें, म्हणून पुढचा अनर्थ टळला. त्या दिवशीं आमच्या मनाला जी टोंचणी लागली, तिनेंच आम्हांस या विषयाकडे वळविलें. एकच गोष्ट दोन ठिकाणीं लिहिली म्हणजे तीं दोन ठिकाणें केव्हांतरी परस्परांशीं विसंगत होतात, हा धडा डॉ. कॉड यांनीं जगाला अर्धशतकापूर्वींच दिला होता.

एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यांत, पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील चामड्याचा धंदा करीत व आई शाळेंत शिक्षिका होती. पूल या गांवच्या ग्रामर स्कूलमध्यें शिक्षण झाल्यावर संपूर्ण शिष्यवृत्ति मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजांत दाखल झाले आणि रसायनशास्त्र शिकूं लागले. इतक्यांत दुसरें महायुद्ध ऐन भरांत आलें. विद्यार्थी या नात्यानें त्यांना लष्करी सेवेंतून सूट मिळण्यासारखी होती. परंतु १९४२ सालीं ते स्वेच्छेनें हवाई दलांत शिरले आणि समुद्रावर टेहळणी करणारीं सन्डरलंड जातीचीं मोठीं विमानें चालवूं लागले. युद्ध संपल्यावर ते कॉलेजांत परतले. आतां त्यांनीं रसायनशास्त्र सोडून गणित घेतलें व १९४८ सालीं पदवी मिळविली.

हवाई दलाच्या शिक्षणासाठीं ते पूर्वीं अमेरिकेस जाऊन आले होते. त्या देशाची ओढ त्यांना लागलीच होती. पदवी हातीं पडतांच ते न्यू यॉर्कला गेले आणि पोटासाठीं मेसी या मोठ्या दुकानांत पुरुषांचे खेळाचे कपडे विकण्याची नोकरी त्यांनीं पत्करली. ऑक्सफर्डच्या पदवीधरास गिऱ्हाइकापुढें सदरे उलगडतांना कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें टेनेसी विद्यापीठांत सहा महिने गणित शिकवून १९४९ सालीं ते आयबीएम या कंपनींत दाखल झाले. त्या काळचे गणकयंत्र एक भली मोठी खोली व्यापीत असे. अशा यंत्रांसाठीं आज्ञावली लिहिण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

त्यांच्या स्वभावाचा एक विशेष याच काळांत दिसून आला. सिनेटर मॅकार्थी यांनीं संशयावरून निरपराध माणसांना छळण्याचा जो प्रकार अमेरिकेंत चालविला होता, तो कॉड यांना सहन झाला नाहीं. १९५३ सालीं त्यांनीं चांगली नोकरी आणि तो देश दोन्ही सोडून कॅनडांतील ओटावा शहर गांठलें. १९५७ सालीं ते आयबीएममध्यें परत आले. एकाच यंत्रावर एका वेळीं अनेक आज्ञावली चालविण्याच्या आरंभीच्या प्रयोगांत त्यांचा मोठा वांटा होता. पुढें चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हां विद्यार्थी झाले. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठांत अध्ययन करून १९६५ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. कांहीं वर्षांनीं ते कॅलिफोर्नियांत सॅन होजे येथील कंपनीच्या संशोधनशाळेंत गेले. त्यांच्या आयुष्यांतील मुख्य कार्य तेथें घडलें.

तें कार्य समजण्यासाठीं त्या वेळची स्थिति पाहिली पाहिजे. तेव्हां यंत्रांत माहिती ठेवण्याची प्रमुख पद्धत झाडासारखी होती. एक खोड, त्याच्या फांद्या, फांद्यांना पानें. चंद्रावर मनुष्य पाठविण्याच्या योजनेंत यानाच्या असंख्य भागांची यादी ठेवण्यासाठीं आयबीएमनें याच पद्धतीचा एक माहितीसंग्रह तयार केला होता, व तो आपल्या कामास उत्तम होता. दुसरी पद्धत जाळ्यासारखी होती. चार्ल्स बॅकमन हे तिचे पुरस्कर्ते. दोन्ही पद्धतींत अडचण एकच. हवी ती नोंद शोधावयाची तर ती कोणत्या वाटेनें सांपडते हें विचारणाऱ्याला ठाऊक असावें लागे. घाटकोपर स्टेशनांतून बाहेर पडा, दुधाच्या डेअरीपाशीं डावीकडे वळा, पुढें पिंपळ लागेल, त्याच्यासमोरची चाळ, अशा खुणेच्या पत्त्यासारखा हा प्रकार होता. डेअरी पाडून तेथें टोलेजंग इमारत उभी राहिली कीं पाहुणा रस्ता चुकलाच! त्याचप्रमाणें यंत्रांतील माहितीची मांडणी बदलली कीं तिच्यावर अवलंबून असलेल्या आज्ञावली निकामी होत व त्या पुन्हां लिहाव्या लागत.

कॉड यांना हें असह्य वाटलें. गणितांतील संचांचा सिद्धांत त्यांच्या अंगवळणीं पडलेला होता. त्याच्या आधारें त्यांनीं १९६९ सालीं कंपनींतल्या कंपनींत एक टिपण लिहिलें व जून १९७० मध्यें एका शास्त्रीय मासिकांत आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. प्रत्येक ओळ ओळखण्यास तिचा स्वतःचा एक निश्चित अंक किंवा खूण असावी. एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं मेळ घालावयाचा तो त्या खुणेनेंच. आंतल्या वाटांनीं नव्हे. विचारणाऱ्यानें काय हवें तें सांगावें. तें कसें शोधावें हें यंत्रानें पाहावें. अशा कोष्टकास गणिताच्या भाषेंत संबंध म्हणतात, म्हणून या पद्धतीला संबंधाधिष्ठित असें नांव पडलें. अनेक कोष्टकें एकमेकांना जोडलेलीं असतात म्हणून तें नांव आहे अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांना याचें उदाहरण शाळेच्या कचेरींतच सांपडेल. शाळेंत प्रवेश घेतांच प्रत्येक मुलास जनरल रजिस्टरमधील एक नंबर मिळतो. नांव, जन्मतारीख, पूर्वींची शाळा हें सर्व त्या रजिस्टरांत एकदांच लिहिलेलें असतें. हजेरी, फी, परीक्षेचे गुण यांच्या वह्या निराळ्या. पण प्रत्येकींत तो नंबर असला कीं पुरे. पांचवींतील ज्या मुलांची हजेरी या महिन्यांत दहा दिवसांहून कमी भरली त्यांपैकीं कोणाची फी यावयाची आहे, असा प्रश्न विचारला तर तीन वह्या एकमेकींशेजारीं ठेवून उत्तर काढतां येतें, मग त्या वह्या कोणत्या कपाटांत कां असेनात.

पालकांना याहून जवळचें उदाहरण म्हणजे मूळ गांवचा सातबारा. गांवनमुना सात व बारा यांचा तो उतारा. त्यावर खातेदाराचा खाते नंबर असतो. त्या नंबरानें गांवनमुना आठ-अ पाहिला कीं त्या खातेदाराची गांवांतील सारी जमीन एकत्र दिसते. सातबाऱ्यावर फेरफाराचाहि नंबर असतो. त्यावरून गांवनमुना सहा या वहींत तो हक्क केव्हां व कसा आला हें कळतें. संगणक येण्याच्या कितीतरी आधीं आपले तलाठी अंकांनीं जोडलेल्या अशा वह्या चालवीत होते. कॉड यांनीं असल्या व्यवहाराला गणिताचा पाया दिला आणि तो कोणत्या नियमांनीं निर्दोष राहील हें सिद्ध केलें.

त्या नियमांतील एक आम्हांस विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. जी गोष्ट ज्याची आहे ती त्याच्याच कोष्टकांत व एकदांच लिहावी. वडिलांचा फोन नंबर हा वडिलांचा आहे, मुलाचा नव्हे. तो पालकांच्या कोष्टकांत एकदां लिहावा आणि दोन्ही मुलांच्या ओळींत केवळ त्या पालकाची खूण ठेवावी. असें केलें असतें तर आम्हीं थोरल्यासाठीं केलेली दुरुस्ती धाकट्यालाहि आपोआप लागू पडली असती, आणि तें पोर पावसांत आलें नसतें.

इतका उपयुक्त विचार, पण खुद्द कॉड यांच्या कंपनीनें त्याचें स्वागत केलें नाहीं. झाडासारख्या जुन्या पद्धतीवर कंपनीचें मोठें उत्पन्न अवलंबून होतें. चालत्या धंद्याला धक्का देण्यास वरिष्ठ तयार नव्हते. शिवाय निबंधाची भाषा गणिती, त्यामुळें कित्येक जाणत्या मंडळींनाहि तो दुर्बोध वाटला. ही पद्धत कागदावर शोभेल, प्रत्यक्षांत फार मंद चालेल, असा आक्षेप निघाला. कॉड यांनीं माघार घेतली नाहीं. ते लेख लिहीत राहिले, व्याख्यानें देत राहिले, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांनाहि आपला विचार समजावून सांगूं लागले. १९७४ सालीं मिशिगनमधील ॲन आर्बर येथें त्यांचा व बॅकमन यांचा जाहीर वाद झाला. बॅकमन यांना आदल्याच वर्षीं ट्यूरिंग पारितोषिक मिळालें होतें. म्हणजे प्रतिपक्ष सामान्य नव्हता.

हळूहळू वारें फिरलें. सॅन होजे येथें सिस्टिम आर नांवाचा प्रयोग सुरू झाला. तेथें डोनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें प्रसिद्ध झाली. बर्कले विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनीं इंग्रेस हा स्वतंत्र प्रयोग केला. गंमत अशी कीं, ही कल्पना बाजारांत आणण्यांत आयबीएम मागें पडली. ओरॅकल हा माहितीसंग्रह १९७९ सालीं विक्रीस आला, तर आयबीएमचा स्वतःचा १९८१ सालीं. त्याच वर्षीं कॉड यांना ट्यूरिंग पारितोषिक देण्यांत आलें. निबंध प्रसिद्ध झाल्यास तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं.

यश मिळालें तरी ते संतुष्ट होऊन बसले नाहींत. एसक्यूएल भाषेंत एकच ओळ दोनदां येऊं शकते, ही गोष्ट संचांच्या गणिताला सोडून आहे असें त्यांचें मत होतें व तें ते उघडपणें मांडीत. १९८४ सालीं ते निवृत्त झाले. नंतर अनेक व्यापारी केवळ नांवापुरतें संबंधाधिष्ठित हें बिरुद लावून माल विकूं लागले, तेव्हां १९८५ सालीं त्यांनीं खऱ्याखोट्याची पारख करणारे बारा नियम प्रसिद्ध केले. १८ एप्रिल २००३ रोजीं फ्लॉरिडांतील राहत्या घरीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

आपल्या उपनगरांचा या विद्येशीं संबंध दूरचा नाहीं. अंधेरीस १९७३ सालीं सीप्झ ही निर्यातीसाठींची औद्योगिक वसाहत निघाली आणि पुढें संगणकाच्या कामांचें तें एक मोठें केंद्र झालें. ज्या मिशिगन विद्यापीठांत कॉड शिकले, तेथेंच पुढें शामकांत नवाथे यांनीं डॉक्टरेट घेतली. रमेझ एल्मास्री यांच्यासमवेत त्यांनीं लिहिलेला माहितीसंग्रहांवरील ग्रंथ १९८९ पासून देशोदेशींच्या कॉलेजांत शिकविला जातो.

आतां मोबाइल फोनाकडे वळूं. २००० सालीं रिचर्ड हिप या अमेरिकन अभियंत्यानें एसक्यूलाइट नांवाचा एक चिमुकला माहितीसंग्रह तयार केला व तो सर्वांस विनामूल्य वापरूं दिला. त्याला निराळें यंत्र लागत नाहीं. ॲपच्या पोटांत बसून सगळीं कोष्टकें तो एका फाइलींत ठेवतो. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांत तो असतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे संदेशहि त्याच्याच कोष्टकांत साठविले जातात. खोलीएवढ्या यंत्रांच्या काळांत वाढलेल्या माणसाचा विचार असा तळहातावर आला.

परंतु कॉड यांचीच पद्धत सर्वत्र चालते असें मात्र नाहीं. फोन कोट्यवधि झाले, एका यंत्राला त्यांचा भार पेलेना. माहिती अनेक यंत्रांवर विभागावी लागली; आणि कोष्टकांचे तुकडे निरनिराळ्या यंत्रांवर गेले कीं त्यांचा मेळ घालणें महाग पडतें. म्हणून दुसरा एक पंथ निघाला. २००९ च्या सुमारास नोएसक्यूएल हें त्याचें नांव रूढ झालें. त्याच वर्षीं पुढें आलेला मोंगोडीबी हा त्यांतील एक प्रसिद्ध संग्रह. या पद्धतींत एका माणसाची किंवा वस्तूची सारी माहिती एका गाठोड्यांत बांधून ठेवतात. दवाखान्यांतील केसपेपर आठवावा. रोग्याचें नांव, ताप, औषधें, तपासण्या सर्व एकत्र. एकाच्या कागदांत चार पानें, दुसऱ्याच्या चाळीस. गाठोडें उचललें कीं काम झालें. दुसरीं कोष्टकें चाळावीं लागत नाहींत. नवी बाब आली तर ती त्या गाठोड्यांत घालावी, इतरांना हात लावण्याचें कारण नाहीं.

नीट पाहिलें तर हीं गाठोडीं म्हणजे एका अर्थीं जुन्या झाडाचींच लहान रोपें आहेत. १९७४ चा वाद नव्या वेषांत परत आला असें म्हणण्यास हरकत नाहीं. म्हणून त्यांचे गुणदोषहि त्याच जातीचे. एक गोष्ट दहा गाठोड्यांत बांधली कीं ती बदलतांना दहाही सोडावीं लागतात, आणि एखादें हमखास विसरतें. उलट ज्याच्या नोंदी एकसारख्या नसतात, ज्या एकत्रच वाचल्या जातात, आणि ज्यांत क्षणभर जुनी माहिती दिसली तरी बिघडत नाहीं, अशा कामाला गाठोडेंच सोयीचें. दुकानांतील नाना तऱ्हेच्या मालाची यादी, छायाचित्रांखालचे अभिप्राय, खेळांतील गुण हीं अशींच कामें.

मात्र जेथें दोन नोंदींचा मेळ चुकतां कामा नये, तेथें कोष्टकें बरीं. बोरिवलीच्या गृहस्थानें भाजीवाल्यास फोनवरून शंभर रुपये दिले, तर एका खात्यांतून वजा आणि दुसऱ्यांत जमा या दोन्ही गोष्टी घडाव्या, नाहींतर एकहि घडूं नये. कोष्टकांच्या पद्धतींत ही हमी आरंभापासून काळजीपूर्वक बसविलेली आहे. नव्या पंथांतील कांहीं संग्रहांनींहि ती पुढें स्वीकारली आहे. तसेंच कोष्टकांचे संग्रहहि गाठोडीं पोटांत घेऊं लागले आहेत. कित्येक ॲपें तर दोन्ही वापरतात: फोनांत लहान कोष्टकें, दूरच्या सर्व्हरवर गाठोडीं. लोकलमध्यें किंवा भुयारांत नेट गेलें तरी फोनांतील कोष्टकांवर काम चालतें, आणि नेट येतांच दोन्हींचा मेळ घातला जातो. त्या मधल्या वेळांत दोन फोनांवर एकच नोंद दोन तऱ्हांनीं बदलली गेली तर कोणती खरी मानावी, हें मात्र कोणतीहि पद्धत आपण होऊन सांगत नाहीं. तें ॲप करणाऱ्यानेंच आधीं ठरवावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील पुष्कळांस पुढें ॲपें करण्याची हौस आहे, हें आम्ही जाणतों. तेव्हां कोणती पद्धत नवी व कोणती जुनी यावर भांडत बसूं नका. आपल्या कामांत कोणत्या गोष्टी एकमेकींशीं जुळल्याच पाहिजेत, आणि त्या न जुळल्यास नुकसान कोणाचें होईल, हें प्रथम विचारा. निवड त्यावरून करा. कॉड यांनीं विमान चालविलें, दुकानांत सदरे विकले, अन्यायाच्या निषेधार्थ नोकरी सोडली, चाळिशींत पुन्हां शाळेच्या बांकावर बसले आणि आपल्याच मालकांना न पटलेला विचार दहा वर्षें धीरानें मांडला. तुम्ही आज वहींत सोडवितां त्या संचांच्या गणितांतूनच तो विचार निघाला होता.

आणि पालकहो, आपला पत्ता वा फोन नंबर बदलला तर कृपा करून तो शाळेच्या कचेरींत कळवावा. तो सर्व भावंडांच्या नांवें बदलला कीं नाहीं, हें विचारल्यावांचून परत जाऊं नये. आम्हीहि आतां तें पाहिल्यावांचून वही मिटत नाहीं.